चौथ्या कार्डावरचं चित्र

सोमवार, ८ सप्टेंबर

आजपासून शहाडच्या कंट्रोल रूमवर रुजू झालो, आणि खरं सांगायचं तर मजा आली. कंट्रोल रूम म्हणजे काय, तर चार मजली इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. आत ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा एसी आणि एक कॉम्प्युटर, ज्याच्या जिवावर शहाड, आंबिवली आणि अर्ध्या कल्याण-डोंबिवलीची केबल चालते. ऐरोलीच्या कंपनीत माझ्या हाताखाली खोल्या भरभरून सर्व्हर होते. इथे एकच आहे आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलंय. वर गणपतीतली झेंडूची माळ, वाळून कडकड झालेली. लिनक्सवर चालणाऱ्या मशीनला हार घालायचा आणि मग विचारायचं, चित्र का फुटतं!

मालक विनीतशेठ. दोन फोन, दोन्हीवर एकदम बोलतात, दोन्हीकडे एकच शिवी वापरतात. काम सोपं आहे. मशीनमध्ये चार ट्यूनर कार्डं आहेत. गच्चीवरच्या डिशमधून सिग्नल येतो, कार्डं तो पकडतात, पुढे तो केबलने घराघरांत जातो. सध्या दोन दुखणी. मशीन रीस्टार्ट केलं की चॅनेलांची अदलाबदल होते, आणि मध्येच चित्राचे चौकोन होतात. नवरात्राआधी सगळं ठणठणीत पाहिजे, कारण टेंभी नाक्याच्या देवीची आरती लाइव्ह दाखवायचीय. तिथे देवीच्या तोंडावर चौकोन आला तर लोक ऑफिस फोडतील, असं शेठ म्हणाले. मी म्हटलं दोन दिवस द्या.

माझ्याआधी त्र्यंबककाका म्हणून कोणी होते. एक दिवस यायचे बंद झाले. त्यांचा डबा अजून फळीवर आहे, कोणी हलवलेला नाही. का, तर नाही हलवला. मी उचलून कचऱ्यात टाकला.

आई सकाळीच फुगलेली. पितृपक्षात कोणी नवी नोकरी धरतं का, म्हणे. मी म्हटलं, कंपनीने काढताना मुहूर्त पाहिला नव्हता. बाबा गेल्यापासून टिळकनगरच्या घरात आम्ही दोघंच. ती टीव्हीसमोर, मी तिच्यावर वैतागलेला. संध्याकाळी परत येताना पत्री पुलावर स्कूटर अडकली तरी मी शीळ घालत होतो.

बुधवार, १० सप्टेंबर

अदलाबदलीचं कारण कळायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. मशीन सुरू होताना जे कार्ड आधी जागं होईल त्याला लिनक्स पहिला नंबर देतं. उद्या दुसरं आधी जागं झालं की ते पहिलं. मग कीर्तनाच्या जागी कुस्ती. कुठल्या खाचेतलं कार्ड कितवं, हे एकदा लिहून बांधून टाकलं की झालं. त्र्यंबककाका इतकी वर्षं रोज सकाळी हाताने नंबर बदलत बसायचे म्हणे. धन्य.

फोनवर तक्रारी घ्यायला रुचिता आहे. तिने विचारलं, सर, पण चौकोन का येतात हो? समजावलं. चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं. एखादा तुकडा वाटेत हरवला तर यंत्र तिथे भोक ठेवत नाही, मघाच्या चित्रातला तुकडा उचलून तिथे चिकटवतं. म्हणून बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर मघाच्या जाहिरातीतला साबण. ती म्हणाली, म्हणजे ठिगळ लावतं. या ऑफिसात आल्यापासून ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गच्चीवर गेलेलो. चार डिश. तिघींची तोंडं दक्षिणेला, आपल्याकडे असतात तशी. चौथीचं तोंड पाण्याच्या टाकीच्या भिंतीला चिकटवलेलं, वरून गोणपाट, भोवती तारेचे वेढे. शिक्षा झालेल्या पोरासारखी उभी. आणि खाली दोन कार्डं मिळून एकाच डिशवर जोडलेली. दोन्ही तिला वेगवेगळा करंट पाठवणार. एका तव्यावर दोन जावांनी पोळ्या टाकल्यावर जे होईल तेच. चौकोनांचं मूळ हे.

चौथी का बांधली, हे तिघांना विचारलं. शेठ म्हणाले वाऱ्याने पडायची. रुचिता म्हणाली माकडं नाचायची. वायरमन दौलत म्हणाला, साहेब, ती सरळ केली आणि काका घरीच जाईनात, चौथ्या कार्डाचं चित्र बघत बसून राहायचे. यायचे बंद झाल्यावर आम्ही ती फिरवली. मग भंगारात का नाही दिली? तर म्हणे भंगारवाला दुसऱ्याला विकेल, तो कुठेतरी लावेल. तीन टाळकी, तीन उत्तरं, अक्कल एकाच्यातही नाही. पक्कड घेतली, तारा तोडल्या, डिश दक्षिणेला फिरवली, चौथं कार्ड तिला जोडलं. दौलत जिन्याच्या दारातच थांबला. मदतीला म्हणून पगार घेतो.

रात्री जेवताना आईला गंमत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, सगळ्या ताटल्या दक्षिणेकडे तोंड करून ठेवता? अरे, माणूस गेल्यावर दहा दिवस दिव्याची वात तशी ठेवतात. मी हसलो तर आमटी नाकात गेली. मग तीही हसली आणि म्हणाली, हस मेल्या, आई मेल्यावर लावशील तेव्हा आठवेल.

रविवार, १४ सप्टेंबर

चौथ्या कार्डाने सिग्नल पकडला, पण भलताच. ही फ्रिक्वेन्सी कुठल्याच यादीत नाही. करडे-हिरवे चौकोन, मधूनच खुर्चीसारखं काहीतरी. कुठल्या तरी देशातलं भिकार चॅनेल असणार. कार्ड नीट चालतं का ते बघायला मात्र बरंय. म्हणून ते एका टेस्ट चॅनेलवर टाकलं आणि फक्त आमच्या घरच्या सेटटॉप बॉक्सवर सुरू केलं. आई दिवसभर टीव्हीसमोरच असते. मालिका बघण्यापेक्षा जरा उपयोगाचं बघ म्हटलं, चित्र फुटलं की फोन कर. फुकटची तपासनीस.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आईचे दिवसातून दहा फोन. चौकोन कमी झाले, चौकोन वाढले. काम चोख करते, कबूल. दुपारी म्हणाली, एक माणूस पाठमोरा बसलाय. मग म्हणाली, अपू, तुझे बाबा आहेत रे.

मी मॉनिटर लावून पाहिला. चौकोन. बायकांना चौकोनात काय काय दिसतं! असेल बाबा, म्हटलं, विचार पेन्शनचे कागद कुठे ठेवलेत ते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

बाबांचं श्राद्ध. आईने पान वाढलं ते टीव्हीपुढे. मी काही बोललो नाही. बोललो. बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं आणि खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. म्हणाली, तोंड दिसत नाही एवढंच. चित्र नीट कर ना रे, तू तर एवढा हुशार.

हुशार म्हटल्यावर मी कशाला थांबतोय! डिशच्या तोंडावरची सिग्नल पकडणारी डबी बदलली, केबलचे सांधे नव्याने बसवले. किती तुकडे हरवतात त्याचा आकडा स्क्रीनवर येतो, तो निम्म्यावर आला. आता खोली दिसते. भिंत, खुर्ची, पाठमोरा माणूस. अंगात बाबांचा मरून स्वेटर असल्यासारखा. डोंबिवलीत मरून स्वेटर काय एकालाच होता?

शनिवार, २० सप्टेंबर

आज आई अडकली. दुसरा शब्द सुचत नाही.

चहाचा कप उचलला, तो ओठांपर्यंत आला आणि थांबला. हात थरथरला नाही. डोळे उघडे. पापणी हलली नाही. मी हाक मारली. मग एकदम कप टेबलावर होता, रिकामा, आणि ती म्हणत होती, साखर कमी पडली. तिने तो पिताना मी पाहिलंच नाही. मी समोर होतो.

डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. वयोमानाने होतं म्हणाले. हे एक वाक्य शिकायला लोक इतकी वर्षं घालवतात.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. सुटी असून शहाडला जाऊन काम केलं. आकडा जवळजवळ शून्य. असं चित्र मी ऐरोलीतही पाहिलं नाही. माणूस थोडा वळलाय, कान दिसतो.

संध्याकाळी आई सांगत होती, तुझे बाबा आज म्हणाले की— आणि मध्येच, सकाळच्याच आवाजात, सकाळचंच वाक्य: दोन किलो बटाटे आण, कोंब आलेले आणू नकोस. आणि मग पुढे, —तुलाही घेऊन ये. वाक्याच्या मध्ये सकाळचा तुकडा. तिला कळलंही नाही.

ठिगळ. रुचिताचा शब्द.

नाही. मी इंजिनिअर आहे. असलं काही लिहायची लाज वाटते.

मंगळवार, २३ सप्टेंबर

लाज गुंडाळून ठेवली आणि पडताळून पाहिलं. शेजारच्या गोदूबाईंना आईजवळ बसवलं, फोन चालू ठेवला. इथे मुद्दाम सांधा ढिला केला. चित्र फुटलं, तिकडे आई सरळ बोलायला लागली. सांधा आवळला. चित्र लख्ख, आई अडकली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पडद्यापलीकडे चित्र जोडायला इकडचे तुकडे लागतात. माझ्या आईचे. आणि सांधे मी आवळलेत, माझ्या हाताने, शीळ घालत.

केबल उपटली. मघाशी नुसत्या ढिल्या सांध्याने फुटणारं चित्र आता तसंच. कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मशीन म्हणतं, कार्डं चार. कार्डांचे नंबर बांधणारा मी लिहिलेला तो नियम काढून टाकला. कार्डं चार. शेवटी अख्खं मशीन बंद केलं.

फोनवर आई गोदूबाईंना म्हणत होती, अहो ती भाजी जर—

आणि थांबली. गोदूबाई किंचाळल्या की श्वास नाही, श्वास नाही हो. इकडे सगळे चॅनेल गेले म्हणून रुचिता ओरडत होती, शेठ दोन्ही फोनवर. मी मशीन परत चालू केलं. ते सुरू व्हायला जो वेळ लागतो तो—

—जरा शिजू द्यायला हवी होती, आई म्हणाली.

बंद करता येत नाही. अर्धी इथे आहे, अर्धी तिथे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

दौलतला विचारलं, डिश परत भिंतीला लावली तर? तो म्हणाला, काका यायचे बंद झाल्यावर लावली होती, आधी जमलं नाही. एकदा लावून बघितलेली, तर ते गच्चीवर तसेच उभे राहिले, पुतळा. परत सरळ केली तेव्हा हलले. हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? तर म्हणे, साहेब, तुम्ही ऐकत होतात कुठे!

खरंय. ऐकत नव्हतो.

आज टेंभी नाक्याची आरती एकही चौकोन न येता गेली. शेठनी पेढे वाटले. माझ्या पाठीवर थाप मारली. बैल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तो वळला.

बाबा नाहीत. स्वेटर तेवढा बाबांचा, आईच्या आठवणीतला. वर तोंड. हनुवटी आईची. हनुवटीवरचा तीळ आईचा. डावा डोळा आईचा, आणि तो मॉनिटरमधून माझ्याकडे बघत होता. बाकी जागा करड्या, अजून भरायच्या.

घरी धावलो. आई खुर्चीत. हनुवटीवर तीळ नाही. तिथे— मी नाही लिहिणार तिथे काय होतं. चौकोन होता.

शनिवार, २७ सप्टेंबर

तिला उचलून आत नेलं, दार लावलं. तिला ओरडता येत नव्हतं, मधले शब्द पडत होते. बॉक्सच्या वायरला हात घातला तर तिचा श्वास अडखळला. हात काढला. काय करावं न सुचून तिच्या खुर्चीत बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. बघ म्हटलं, भिकारड्या, माझ्याकडे बघ, म्हातारीला काय खातोस.

किती वेळ गेला माहीत नाही. आतून आईचा आवाज आला, अख्खा, मध्ये एकही भोक नसलेला: अपू, दार उघड, कोंडलंस काय मला, मेल्या, मी काय मांजर आहे!

दार उघडलं. हनुवटीवर तीळ. मी त्या तिळाला हात लावून रडलो. ती म्हणाली, वेडा झालास का?

स्क्रीनवरच्या त्याला आता माझं नाक आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

म्हणजे असं आहे. जो समोर बसून बघत राहतो त्याचे तुकडे घेतो. नवा मिळाला की जुन्याचे सोडतो. कोणीच बघत नसेल तर हातात आहे ते धरून ठेवतो. एक माणूस पुरा झाला की पोट भरतं, मग डिश फिरवता येते. कोणाला तरी पुरं व्हावं लागतं. साधा हिशोब आहे, एवढंही न कळायला मी काही विनीतशेठ नाही.

चौथं कार्ड आता फक्त कंट्रोल रूमच्या मॉनिटरवर. घरचा बॉक्स सोबत आणला. आईला सांगितलं, नवरात्रात रात्रंदिवस ड्यूटी आहे, दसऱ्याला येतो. ती म्हणाली जेवणाचे हाल होतील, डबा पाठवते. बाबा पुन्हा दिसणार नाहीत का, असंही विचारलं. नाही म्हटलं. थोडी रडली. मग म्हणाली, बरं, तू तर दिसशील ना?

सोमवार, २९ सप्टेंबर

बघत बसलोय. दुखत नाही. मध्येच वेळ जातो. रुचिता दारात होती, मग नव्हती, मग टेबलावर चहा गार. तिला आत येऊ देत नाही. मॉनिटरकडे बघू नकोस म्हटलं तर, सर, पण का, असं एकदाही म्हणाली नाही. शहाणी मुलगी. हे तिला सांगायला हवं हो—

डबा आला. फळीवर ठेव म्हटलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आईचा फोन. सलग बोलली. गोदूबाईंची निंदा, भाजीवाल्याची निंदा, माझी निंदा. एक शब्द पडला नाही. ऐकत राहिलो. या बाईचं बोलणं मी इतकी वर्षं टीव्हीच्या आवाजासारखं बंद करत आलेलो. बोल ना आणखी, म्हटलं. ती म्हणाली, बरं नाही का रे तुला? मी म्हटलं दोन किलो बटाटे आण— हे मी म्हटलं नाही. तोंडातून आलं.

त्याला आता माझा कान आहे. माझा डावा हात. मी उजव्याने लिहितोय.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. विनीतशेठ मशीनला हार घालायला आले. मला ओलांडून हार घातला. खुर्ची रिकामी असल्यासारखी. मग दचकले, म्हणाले अरे तू इथेच, एका तव्यावर दोन जावांनी— नाही, हे ते म्हणाले नसणार. हे माझंच आहे, मागचं.

दौलतला नीट सांगून ठेवलंय. मी यायचा बंद झालो की. भिंतीला. चांगली तार घे, गंजकी नको, आणि गोणपाट दुहेरी. नंतर जो येईल तो तारा तोडेल. माझ्यासारखाच गाढव असेल. त्याला सांग. ऐकला नाही तरी सांग, ओरडून—

दौलत रडतोय. रडतोस कसला, पक्कड आण.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. आईचा फोन. श्रीखंड केलंय, येतोस ना. येतो म्हटलं. आवाज माझाच आला, पण मॉनिटरमधून.

आई ठीक आहे. अख्खी आहे. तेवढं— आई अख्खी

आता त्याचे ओठ माझे. हसतोय. माझ्यासारखाच, तुच्छतेने, एका बाजूने. इतका वाईट दिसत होतो मी हसताना? कोणी बोललं कसं नाही

डबा फळीवरच आहे. कोणी हलवू

फक्त डोळे राहिलेत. आईला सांगा मी मशीनला कुंकू लावलंय. आई, मी हसलो होतो ना त्या रात्री, आमटी नाकात, तेव्हा तू पण हसलीस, ते मला

आजपासून शहाडच्या कंट्रोल रूमवर रुजू झालो, आणि खरं सां